खोडा

जिल्हा परिषदेच्या गटांची आरक्षण सोडत ऑक्टोबर २०१६ मध्ये निघाली, त्या दुपारी माझा डावा हात खांद्यापर्यंत एका खिलार गाईच्या पोटात होता. वासराचे पुढचे दोन्ही पाय वाटेत आले होते, पण मान मागे वळून बरगडीवर टेकली होती. अशा अवस्थेत नुसते पाय ओढले तर वासरू येत नाही, उलट गाईची पिशवी फाटते. म्हणून कळ ओसरली की वासराला आत लोटायचे, मिळालेल्या दोन-चार क्षणांत बोटे त्याच्या जबड्यापर्यंत न्यायची आणि पुन्हा कळ आली की हात मुकाट्याने चिमटीत सापडू द्यायचा, असे पाऊण तास चालले होते. माझा मोबाइल गाईच्या मालकाच्या खिशात होता. तो वाजला. मालकाने ऐकून घेतले आणि गाईच्या शेपटीवरची पकड न सोडता मला सांगितले, "डॉक्टर, गट ओपन पडलाय. उभं ऱ्हायचं म्हणं तुमी."

वासरू मेलेलेच निघाले. तसे होण्याची शक्यता मी मालकाला हात घालण्यापूर्वीच सांगून ठेवली होती: वासराचे सांगता येत नाही, गाय वाचेल. आमच्या धंद्यात हे आधी सांगावे लागते, कारण नंतर सांगितले की ती सबब ठरते. गाय उठून उभी राहिली, वार पडली, आणि मालकाने हात धुवायला पाणी ओतता ओतता त्याच्या भावकीतली किती मते माझ्या बाजूला येतील याचा हिशेब मला ऐकवला. मेलेल्या वासराबद्दल तो एक शब्दही बोलला नाही. हा विश्वास आपण मतपेटीपर्यंत नेऊ शकतो, असे मला त्या क्षणी वाटले. माझ्या हिशेबातली पहिली चूक तीच होती. ती चूक पूर्णपणे चूक नव्हती, हे खरे असले तरी.

मी १९९२ मध्ये पशुसंवर्धन खात्यात लागलो. शिक्षण परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात झाले. हे महाविद्यालय १८८६ सालचे आहे, पण त्या नावाने मुंबईत कोणी पत्ता सांगत नाही. 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हटले की टॅक्सीवाला मुकाट मीटर पाडतो. तिथून मी थेट माणदेशात आलो. सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांत वाटला गेलेला हा पट्टा पावसाच्या छायेतला आहे. इथे खिलार बैल, मेंढरे आणि दुधासाठी ठेवलेल्या दोन-तीन संकरित गाई, ज्यांना सगळे सरसकट 'जरशी' म्हणतात, यांच्यावर घर चालते. मधल्या काळात बदल्या झाल्या, तरी नोकरीच्या २४ वर्षांपैकी १५ वर्षे एकाच तालुक्यातल्या दोन दवाखान्यांत गेली. माझे मूळ गाव शेजारच्या तालुक्यात असल्यामुळे मी इथला असूनही इथला नव्हतो, आणि ही गोष्ट पुढे प्रचारात माझ्या अंगावर आली.

राजकारणात जावेसे का वाटले, याचे उत्तर द्यायचे तर आधी दवाखान्यांची रचना सांगावी लागेल. माझ्या नोकरीच्या काळात श्रेणी १ च्या दवाखान्यात पदवीधर पशुधन विकास अधिकारी असे, श्रेणी २ मध्ये पशुधन पर्यवेक्षक किंवा सहायक अधिकारी असे, आणि ग्रामीण भागातले बहुसंख्य दवाखाने जिल्हा परिषदेकडे असतात. १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदेला ज्या विषय समित्या दिल्या, त्यांत पशुसंवर्धन व दुग्धशाळा ही एक समिती आहे. दवाखान्याच्या छपराची दुरुस्ती, सेस फंडातून, म्हणजे जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या निधीतून, होणारी औषधखरेदी, शीतपेटी, जनावर अडकवायचा खोडा या सगळ्याचा निर्णय त्या समितीत आणि सर्वसाधारण सभेत होतो. पद रिकामे राहिले की शेजारच्या डॉक्टरकडे अतिरिक्त कार्यभार दिला जातो. माझ्याकडे एका काळी माझ्या दवाखान्याशिवाय आणखी दोन दवाखान्यांचा कार्यभार होता, म्हणजे कागदावर तीन दवाखाने चालू होते आणि प्रत्यक्षात मोटारसायकलवरचा एक माणूस.

सभांना मी अधिकारी म्हणून मागच्या रांगेत बसत असे. माझ्या विषयाला बहुधा शेवटची पाच मिनिटे मिळत, आणि तोवर निम्मे सभागृह जेवायला उठलेले असे. एकदा आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी मेंढ्यांना द्यायला हवी, ती पाऊस पडून गेल्यावर आली, यावर मी टिपण दिले होते. पहिल्या पावसाचे कोवळे गवत पोटभर खाल्लेली मेंढरे रातोरात दगावतात आणि त्यानंतर लस टोचण्यात फारसा अर्थ उरत नाही, हे त्यात लिहिले होते. एका सदस्याने ते वाचून विचारले, "आंत्रविषार म्हणजे मेंढीला विषबाधा झाली का? मग पोलिसात तक्रार द्यायची." सभागृह हसले. तो माणूस वाईट नव्हता. त्याला खरोखरच ठाऊक नव्हते आणि ठाऊक करून घ्यायची त्याला कधी गरज पडली नव्हती. त्या दिवशी परत येताना मी पहिल्यांदा असा विचार केला की या खुर्च्यांपैकी एका खुर्चीवर आमच्यातला कोणीतरी असायला हवा. पशुवैद्यक राजकारणात जातच नाहीत असे नाही. मुझफ्फरनगरचे संजीव बालियान खासदार झाले आणि २०१९ मध्ये केंद्रात पशुसंवर्धनाचे वेगळे मंत्रालय झाल्यावर त्याच खात्याचे राज्यमंत्रीही झाले. पण दिल्ली माझ्या मोटारसायकलच्या पल्ल्यात नव्हती.

सोडतीनंतर घरात तीन दिवस वाद झाला. शासकीय नोकराला निवडणूक लढवता येत नाही, त्यामुळे नोकरी सोडणे अटळ होते. निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे २० वर्षांची अर्हताकारी सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते, आणि माझी सेवा त्याहून अधिक झाली होती, म्हणून पोटापाण्याची तशी भीती नव्हती. पत्नीचा आक्षेप वेगळा होता. "अहो, रात्री दोन वाजता तुम्हाला उठवायला येणारा माणूस उद्या दिवसा दोन वाजता येईल आणि दारात चहा पीत बसेल, तो पहिला बरा होता," असे ती म्हणाली. मी ते हसण्यावारी नेले. पुढच्या पाच वर्षांत आमच्या घरी महिन्याला दोन किलो चहापत्ती जादा लागू लागली, तेव्हा तिने मला त्या वाक्याची आठवण करून दिली नाही, हा तिचा मोठेपणा.

नोटीस दिली आणि दिवस मोजत बसलो. तीन महिने जानेवारी २०१७ मध्ये पूर्ण होत होते आणि निवडणूक फेब्रुवारीत लागण्याची चिन्हे होती. सेवापुस्तकाची पडताळणी, येणेबाकी नसल्याचे दाखले, दवाखान्याच्या जडसंग्रहाचे, म्हणजे तिथल्या टिकाऊ वस्तूंचे, हस्तांतर यांत एक कागद अडला असता तर मी ना नोकरीत ना निवडणुकीत, असा मधेच लटकलो असतो. जडसंग्रह देताना एक वस्तू कमी भरली. १९९० च्या दशकातला एक ट्रोकार, म्हणजे पोटफुगीत जनावराच्या डाव्या कुशीत खुपसून वायू मोकळा करण्याचे टोकदार हत्यार, नोंदवहीत होता आणि कपाटात नव्हता. तो माझ्या मोटारसायकलच्या डिकीत सापडला. मी तो साफ करून, सही घेऊन परत दिला, आणि मला आठवते की माझ्या मनातली कालवाकालव स्वेच्छानिवृत्तीच्या सहीपेक्षा त्या सहीच्या वेळी अधिक होती.

उमेदवारी अर्ज भरणे हे एखाद्या जनावराच्या शवविच्छेदन अहवालापेक्षा किचकट काम आहे. त्या वर्षी अर्ज संगणकावर भरून, त्याची छापील प्रत सही करून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यापुढे द्यायची होती. मालमत्ता आणि गुन्ह्यांचे शपथपत्र, अपत्यांबाबतचे घोषणापत्र, शौचालय असल्याचा आणि वापरत असल्याचा दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला, खर्चासाठी वेगळे बँक खाते, असे एकेक कागद जमवताना तालुक्यातले सगळे सायबर कॅफे उमेदवारांनी गजबजले होते आणि सर्व्हर मात्र दुपारी बसत होता. एका पक्षाने मला तिकीट दिले. कोणत्या, ते इथे लिहीत नाही. त्या पक्षाचा कार्यक्रम वाचून मी गेलो नव्हतो आणि त्यांनीही माझ्या मतांचा अंदाज घेऊनच मला बोलावले होते, त्यामुळे नावाला तसा अर्थ नाही.

प्रचाराला मिळालेले दिवस दोन हातांच्या बोटांवर मोजण्याइतके होते. नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी झालेली असल्यामुळे सगळ्यांच्याच हातात रोख कमी होती, आणि माझ्यासारख्याला ते पथ्यावरच पडले. माझी अडचण निराळी होती. मला माणसे जनावरांवरून आठवत होती. एखाद्या वस्तीवर गेलो की कार्यकर्ता कानात नाव सांगायचा, आणि माझ्या डोक्यात मात्र 'मायांग (गर्भाशय) बाहेर आलेली काळी म्हैस, २०११' असे यायचे. मी त्या माणसाला म्हशीबद्दल विचारायचो, तो खूश व्हायचा, बाई आतून बाहेर येऊन त्या रात्रीची सगळी हकीकत सांगायची, आणि एका घरात अर्धा तास जायचा. सोबतचे लोक वैतागत. पण मला आजही वाटते की मी निवडून आलो तो त्या बायांमुळे, कारण गोठ्यात रात्री कंदील किंवा विजेरी धरून उभी राहणारी बहुतेक वेळा तीच असते. मालक दोर ओढतो आणि नंतर चारचौघांत हकीकत सांगतो; जनावराने शेवटचे पाणी कधी प्यायले हे तिलाच ठाऊक असते.

उलटही घडले. एका वाडीत एका म्हाताऱ्याने मला उंबऱ्यावरच थांबवले आणि शांतपणे सांगितले की २००९ मध्ये त्याची गाभण म्हैस घटसर्पाने गेली, त्या दिवशी मी सकाळचा निरोप मिळूनही संध्याकाळी पोहोचलो होतो. मी त्या दिवशी दुसऱ्या कार्यभाराच्या दवाखान्यात, ३५ किलोमीटरवर होतो. मी ते सांगितले नाही. घटसर्पात गळा सुजून श्वास कोंडायला लागला की हाताशी फार थोडे तास असतात, आणि सकाळी पोहोचलो असतो तर कदाचित ती वाचली असती. "बरोबर आहे तुमचं," एवढेच म्हणून मी पुढे गेलो. त्या वाडीत मला किती मते पडली ते मी निकालानंतर मुद्दाम पाहिले. बरी पडली होती. त्या घराने कोणाला दिले, ते कळायला मार्ग नाही.

आता जी गोष्ट लिहिताना मला अजूनही बरे वाटत नाही, ती सांगतो. मार्च २०१५ पासून राज्यात गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली होती. त्याआधीच्या, १९७६ च्या कायद्याखाली म्हाताऱ्या, कामाच्या न राहिलेल्या बैलाला तपासून दाखला देण्याचे काम आम्हा पशुवैद्यकांकडे होते, आणि मी असे दाखले दिलेले होते. पुढे लागोपाठ दुष्काळ पडला, आणि चारा विकत घेऊन म्हातारा बैल पोसायचा कसा, हा प्रश्न माणदेशातल्या प्रत्येक खुंट्यापाशी उभा राहिला. प्रचाराच्या एका सभेत, देवळासमोरच्या पारावर, एका शेतकऱ्याने उभे राहून तोच प्रश्न मला विचारला: "डॉक्टर, तुमीच दाखलं देत व्हता. आता ह्या बैलांचं काय करायचं ते तुमीच सांगा." मला उत्तर येत होते. उत्तर म्हणजे उपाय नव्हे. पण हिशेब मला येत होता. एका बैलाला दिवसाला किती वैरण लागते, गोशाळा किती दूर आहेत आणि त्यांची क्षमता किती, बाजारात किंमत का पडली, हे मी दोन्ही बाजूंना न दुखावता, नुसते डॉक्टर म्हणून मांडू शकलो असतो. त्याऐवजी मी माइक जवळ घेतला आणि म्हणालो की बळीराजाच्या पाठीशी आपण खंबीरपणे उभे राहू. टाळ्या पडल्या. प्रश्न विचारणारा माणूस टाळ्या संपेपर्यंत तसाच उभा होता, मग खाली बसला. चोवीस वर्षांत मी कुठल्याही जनावराच्या मालकाला असे उत्तर दिले नव्हते.

मतदान २१ फेब्रुवारीला झाले, मोजणी २३ ला. मी काही शे मतांनी निवडून आलो. मिरवणुकीत एकाने माझ्यासमोर सजवलेली खिलारांची जोडी आणली. गुलाल त्यांच्या डोळ्यांत जात होता म्हणून मी ती बाजूला घ्यायला लावली आणि पहिल्याच दिवशी एक कार्यकर्ता नाराज झाला.

पुढची पाच वर्षे मी क्रमाने सांगत नाही, कारण त्यांतली बरीचशी सारखीच होती. माझ्या दारात येणाऱ्यांच्या मागण्यांत रस्ता पहिला असे, मग सभामंडप, स्मशानभूमीचे शेड, हायमास्ट दिवा. '३०५४' (रस्ते व पूल) आणि '२५१५' (ग्रामविकासाची कामे) हे सरकारी निधीच्या लेखाशीर्षांचे आकडे लोकांना तोंडपाठ होते. गावातला पोरसवदा कार्यकर्ताही "डॉक्टर, पंचवीस-पंधरात बसवा की" असे म्हणायचा. जनावरांच्या दवाखान्यासाठी म्हणून माझ्याकडे पाच वर्षांत आलेली माणसे मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकेन, आणि त्यांत दोघे माझेच जुने परिचर होते. याला मी लोकांचा दोष मानत नाही. ज्याची गाय आजारी असते तो त्या दिवशी डॉक्टर शोधतो, सदस्य शोधत नाही. आणि गाय बरी झाली किंवा मेली की तो विषय त्याच्यापुरता संपलेला असतो. रस्ता मात्र रोज दिसतो.

पशुसंवर्धन समिती मला मागताच मिळाली, कारण ती दुसऱ्या कोणाला नको होती. सभापतिपद मिळाले नाही, ते संख्याबळाच्या वाटपात दुसरीकडे गेले, आणि त्याचे मला फारसे वाईटही वाटले नाही. समितीत मी दोन गोष्टी धरून बसलो. पहिली म्हणजे आंत्रविषाराची लस मे संपायच्या आत दवाखान्यांत पोहोचली पाहिजे. ती पाचपैकी तीन वर्षे पोहोचली. दुसरी म्हणजे खोडे. खोडा म्हणजे जनावर उभे करून अडकवण्याची लोखंडी नळ्यांची चौकट. शहरी वाचकाला ही वस्तू क्षुल्लक वाटेल. पण खोडा नसेल तर गाईला दोराने पाडावे लागते, नाहीतर चार माणसांनी धरावे लागते. गाभण तपासताना ती उडी मारते आणि डॉक्टरचे मनगट मोडते, माझे एकदा मोडले आहे. लस टोचताना सुई कातड्यात वाकते. एका खोड्यामुळे एका सकाळी पन्नासाच्या जागी दीडशे जनावरे होतात. राजकारणात 'खोडा घालणे' या शब्दांचा अर्थ नेमका उलटा आहे, त्यामुळे मी सभेत "माझ्या गटात प्रत्येक गावात एक खोडा घालायचा आहे" असे म्हणालो तेव्हा विरोधी बाकांवरून आवाज आला, "ते काम तुमचा पक्ष आधीपासून करतोच आहे." मीही हसलो. सेस फंडातून टप्प्याटप्प्याने गटातल्या १७ पैकी १४ गावांत खोडे बसले. ते कुठे बसवायचे यावरून मात्र प्रत्येक गावात भांडण झाले, कारण सरपंचाला तो आपल्या दारासमोर हवा असे आणि उपसरपंचाला तिथे सोडून कुठेही.

२०१८ च्या पावसाने दगा दिला आणि २०१९ च्या उन्हाळ्यात चारा छावण्या उघडल्या. शासन छावणी चालवणाऱ्या संस्थेला दर जनावरामागे अनुदान देत असे. मे महिन्यात ते मोठ्या जनावराला दिवसाला १०० रुपये आणि लहान जनावराला ५० रुपये झाले. माणसे बिऱ्हाडासकट जनावरांपाशी मुक्कामाला आली होती. खुंट्यांच्या रांगांमधून चुली पेटत, पोरे तिथेच अभ्यास करीत, आणि संध्याकाळी उसाच्या वाढ्यांचा वास सगळ्या माळावर पसरत असे. मी रोज एका छावणीत जात असे, सदस्य म्हणून आणि सवयीने स्टेथोस्कोप घेऊन. त्यांतली एक छावणी माझ्याच प्रचारात राबलेल्या लोकांच्या संस्थेची होती, आणि तिच्या मंजुरीसाठी मी शब्द टाकला होता.

तिथे एका सकाळी माझे लक्ष शेणाच्या ढिगाकडे गेले. मोठे जनावर दिवसाला दहा-बारा किलो शेण टाकते. चारा कमी असेल तर थोडे कमी, पण टाकतेच. आदल्या संध्याकाळी ट्रॉल्या भरून शेण नेले होते हे मला ठाऊक होते, म्हणजे समोरचा ढीग एका रात्रीचा होता, आणि नोंदवहीतल्या आकड्याला तो फारच कमी होता. मी खुंट्यांच्या रांगांमधून शेवटपर्यंत चाललो आणि मोजले. फरक थोडाथोडका नव्हता. संस्थेच्या माणसाला तंबूत बोलावून मी विचारले, तेव्हा तो अजिबात ओशाळला नाही. काही जनावरे चरायला गेली आहेत, असे तो म्हणाला. ज्या माळावर कुसळसुद्धा उरले नव्हते, तिकडे हात करून तो हे सांगत होता. मी त्याला दोन दिवस दिले आणि तिसऱ्या दिवशी तहसील कार्यालयाला लेखी कळवले. पुढे आकडा दुरुस्त झाला, छावणी चालू राहिली, जनावरांचा चारा तुटला नाही. एवढे झाले हे चांगलेच झाले. पण त्या दिवसापासून माझ्याबरोबर गाडीतून फिरणारी माणसे निम्म्यावर आली आणि "डॉक्टरला राजकारण जमत नाही" हे वाक्य गटात रूढ झाले. मला विचाराल तर त्या वाक्यात तथ्य आहे. आधी शब्द टाकायचा आणि मग शेण मोजायचे, हा क्रमच चुकीचा होता. मोजणे आधी करायला हवे होते.

'नाही' म्हणण्याचा प्रश्न मला शेवटपर्यंत सुटला नाही. गोठ्यात मी दिवसातून दोनदा 'नाही' म्हणत आलो होतो. हे जनावर उठणार नाही, औषधावर पैसे घालू नका, एवढे सांगितले की माणूस क्षणभर गप्प होई, कधी डोळे पुसे आणि मग म्हणे, बरं झालं सांगितलंत. सदस्य झाल्यावर मी पहिल्या वर्षी लोकांना तसेच सांगू लागलो: हा रस्ता या वर्षी होणार नाही, यादीत तुमचे गाव नवव्या क्रमांकावर आहे. माणसे दुखावली जात. माझा शेजारच्या गटातला सहकारी, तीन वेळा निवडून आलेला, मला एकदा म्हणाला, "डॉक्टर, तुमच्याकडं माणूस खरं ऐकाया येतोय व्हय? त्यो हिंमत मागाया येतोय. द्यायची की." मी त्यावर बराच विचार केला आहे. मरणाऱ्या गाईच्या मालकाला खरे सांगणे जमते, कारण त्याला ठाऊक असते की गाईला मी मारलेले नाही. रस्त्याचे तसे नसते. तिथे यादी करणाऱ्यांत मी स्वतः बसलेला असतो.

मार्च २०२२ मध्ये मुदत संपली. नवी निवडणूक लागली नाही आणि जिल्हा परिषदेवर प्रशासक आला. पाटी उतरवली, दारातली गर्दी आठवडाभरात आटली. राज्य पशुवैद्यक परिषदेतली माझी नोंदणी मी या सगळ्या काळात न चुकता नूतनीकरण करून ठेवली होती, हे मी तेव्हा कोणाला बोललो नव्हतो.

ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून लम्पीची बातमी आली आणि महिनाभरात ती आमच्याकडे पोहोचली. अंगभर सुपारीएवढ्या गाठी, ताप, पायांना सूज, दूध एकदम उतरलेले. म्हशींना फारसे होत नव्हते, पण २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे राज्यात १ कोटी ३९ लाखांच्या घरात गोवंश होता आणि त्या सगळ्याला शेळ्यांच्या देवीची लस टोचायची होती. बाजार बंद झाले. मेलेल्या दुधाळ गाईला ३०,००० रुपये आणि बैलाला २५,००० रुपये मदत जाहीर झाली. खात्याने खासगी आणि निवृत्त डॉक्टरांना बोलावणे पाठवले तेव्हा मी फोनची वाट पाहिली नाही. माझ्या जागी आलेला तरुण डॉक्टर तीन दवाखान्यांच्या कार्यभारात होता. त्याने मला शीतपेटी, लसीच्या कुप्या आणि सुयांचे खोके दिले आणि जरा संकोचून नोंदवहीत सही करायला सांगितली.

पाच दिवसांत मी आठ गावे केली. प्रत्येक जनावराला वेगळी सुई, मानेवर कातडीखाली एक मिलिलिटर, कानातल्या बिल्ल्याचा नंबर, की पुढचे जनावर. सहा गावांतले खोडे जागेवर आणि वापरात होते. एका गावातला खोडा कोणीतरी उपटून नेला होता आणि खड्ड्यांत पावसाचे पाणी साचले होते. तिथे पुन्हा जुन्या पद्धतीने चार माणसांनी धरून काम केले.

आठव्या गावात खोडा शाबूत होता, पण त्याच्या दोन्ही खांबांना तारेने आवळून वाढदिवसाचा एक मोठा फ्लेक्स बांधला होता. पुढच्या निवडणुकीला आमच्याच गटातून इच्छुक असलेल्या तरुणाचा तो फ्लेक्स होता. तो हात जोडून हसत होता आणि त्याच्या मागे, नळ्यांच्या चौकटीत, गाय उभी करायला जागा उरली नव्हती. लोक गाई घेऊन रांगेत उभे होते आणि फ्लेक्सला हात लावायला कोणी पुढे येत नव्हते. मी पेटीतली पक्कड काढली, तारा सोडल्या, फ्लेक्स गुंडाळून देवळाच्या ओट्यावर ठेवला आणि पहिली गाय आत घेतली. दुपारी दीडपर्यंत ११२ जनावरे झाली. मग तारा शोधून काढल्या, आणि एका पोराला दुसरे टोक धरायला लावून तो फ्लेक्स जसा होता तसा परत बांधला.